आसऱ्याचा नाना

केनवडात येऊन कोणालेही विचारा, नानाजीचं घर कोणतं. तो उलटा तुमालेच विचारीन, कोणता नाना, आसऱ्याचा का? हे ऐकलं की माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण हा नानाजी माहा भाटवा, माह्या मोठ्या बहिणीचा, चतुराबाईचा नवरा. आन् ज्या आसऱ्यावरून त्याले हे नाव पडलं, तो आसरा म्हणजे आमच्या घरचा एक बैल.

मी धंद्यानं शिंपी. मूळ गाव रिठद. बहीण केनवडात देली म्हणून मीबी इथंच स्टँडजवळ मशीन मांडली. त्यामुळे जे सांगून राह्यलो ते ऐकीव नाही, डोळ्यांनी पाह्यलेलं हाये.

झालं असं. नानाजीचा पोरगा ऋषिकेश तवा दुसरी-तिसरीत अशीन. त्या साली ऐन पोळ्याच्या तोंडावर नानाजीचा एक बैल साप चावून गेला. एकट्या बैलानं पोळ्यात कसं जायचं? म्हणून माह्या बापानं रिठदहून आमचा बैल पाठवला. जवायाची अडचण झाली, सासऱ्यानं बैल देला, त्यात कोणाच्या बापाचं काय गेलं? नानाजीनं दोन्ही बैल धुतले, शिंगं रंगवले, झुली टाकल्या, एका बैलाचा कासरा पोराच्या हाती देला आन् तोरणाखाली जाऊन उभा राह्यला.

आमच्याकडे पोळ्याले तोरणाखाली झडत्या होतेत. पोलिसवाली झडती नव्हे. समोरच्याची खोडी काढत दोन-चार ओळी जुळवायच्या, गळा फाडून म्हणायच्या, गावानं हासायचं आन् साऱ्यांनी मिळून महादेवाचं नाव घ्यायचं. ज्याच्यावर झडती मारली त्यानं तिथंच, तोरण तुटायच्या आत, झडतीनंच जबाब द्यायचा. तोरण तुटलं की बैल सुटतेत, आन् मग कितीही चांगलं सुचलं तरी ते फुकट. दुसरं म्हणजे जोडी घेऊन जो उभा राहीन त्यालेच झडतीचा हक्क. बिनबैलाच्या माणसाची झडती कोणी ऐकत नाही.

नानाजीचा चुलतभाऊ लखन. घराले घर लागून, वावराले वावर लागून, आन् मधातल्या धुऱ्यावरून, बांधावरून म्हणा, दोघांची कायमची कटकट. मिशीवाला, आवाजाचा खणखणीत. त्यानं पुढे येऊन झडती मारली:

एक बैल घरचा, एक सासऱ्याचा,
नान्या आमचा पाटील दुसऱ्याच्या आसऱ्याचा.

गाव असं हासलं की ढोलवाल्याच्या हातून टिपरू पडलं. मी तिथंच होतो. आमच्या घरचा बैल, आमच्या बापाची माया, आन् त्यावर हे हासून राह्यले होते. नानाजीनं जबाब द्यायले तोंड उघडलं. आत काहीतरी होतं, बाहेर येईना. लखन मिशीवरून हात फिरवत वाट पाहून राह्यला होता. तितक्यात कोणीतरी तोरण तोडलं, बैल सुटले, संपलं. त्या दिवशी चतुराबाईच्या पुरणपोळ्या तशाच राह्यल्या.

तवापासून आसऱ्याचा नाना. चहाच्या टपरीवर तेच, गिरणीवर तेच. लग्नाची पत्रिका वाटणारा पोट्टाबी दारात येऊन विचारायचा, आसऱ्याच्या नानाचं घर हेच का?

नानाजी बोलणारा माणूस नाही. उंच, वाळका, खाली मान घालून चालणारा. शिवी देत नाही, भांडत नाही. लोकांले वाटते गरीब हाये. मी सांगतो, तसा खुनशी माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही. पुढच्या पोळ्याले लखनची जिरवायची म्हणून तो वर्षभर झडती जुळवत राह्यला. एकदा मी वावरात गेलो तर हा धुऱ्यावर उभा राहून तुरीले झडती ऐकवून राह्यला होता. मले पाहून गप झाला. पण लखनचं नशीब पाहा. पोळ्याच्या आधीच त्यानं आपली जोडी विकली आन् दारात ट्रॅक्टर आणला. झालं. बैल नाही म्हणून तोरणाखाली येणं नाही, आन् येणं नाही म्हणून जबाब नाही. पोळ्याच्या दिवशी तो पारावर खुर्ची टाकून बसायचा आन् नानाजीकडे पाहून हासायचा.

मग गावात एकेकानं बैल विकले. मशीननं पेरणी, मशीननं काढणी, बैल कायले पाह्यजेत? नानाजीनं मात्र विकले नाही. एक जोडी थकली की दुसरी आणली. बाई त्यांच्या चाऱ्याचं कुटार भरून भरून कंटाळली. लोक म्हणायचे, नानाचा बैलांवर लय जीव हाये. जीव कायचा, खुन्नस. लखन कधी चुकून जोडी घेऊन तोरणाखाली आला आन् तवा आपल्याजवळ बैल नसले तर? या एका भेवानं त्या माणसानं पंधरा वर्षं दावणीले बैल बांधून ठेवले.

दुसरा नाद त्याले सिनेमाचा. सारे सिनेमे नाही, फक्त जुन्या काळातल्या गुंडांचे. जीपी, बंदुका, मोठ्या कॉलरी, आन् सुरुवातीलेच बापाचा मुडदा. पोरगं चड्डीवर धावत सुटते आन् धावता धावता मोठं होऊन बेलबॉटममधे निघते. शिंपी म्हणून मले दर वेळी प्रश्न पडायचा, मापं कोणं घेतली? पण नानाजी ते पाहतानी पापणी लववत नसे. ऋषिकेशले मांडीजवळ बसवायचा आन् म्हणायचा, "पाह्य बेटा. बापाचा बदला असा घेतेत." हासणं नाही, काही नाही. सिनेमा संपला की पुन्हा म्हणायचा, "पोरगा असा पाह्यजे."

पोरानं काय शिकलं? कॅमेरा. अकोल्याले कॉलेजात घातला होता, तिथून परत आला तो कॅमेरा आन् चार दोस्त घेऊन. मोबाईलवर पाह्याचे वऱ्हाडी सिनेमे काढायले लागला. एक दिवस माह्या दुकानात येऊन म्हणे, "मामा, आता मोठं काम हाये. पिरेड गँगस्टर. पंच्याऐंशी सालचा."

"पंच्याऐंशी साली केनवडात कोणता गँगस्टर होता बे?" मी म्हनलं. "तवा तर चोरबी पायीच यायचे."

"होता असं समजा ना मामा. तुमी फक्त बेलबॉटम शिवा."

मी शिवले. हौसेनं शिवले. हिरो ऋषिकेश सोताच. पण पिरेड म्हटल्यावर जीप पाह्यजे, आन् जुनी चालती जीप साऱ्या गावात एकच. लखनच्या बापाची, ताडपत्रीखाली झाकलेली. पोट्टा सरळ लखनकडे गेला. मले नंतर कळलं. लखन म्हणे, "जीप नेय. पण व्हिलन मी." यानं हो म्हनलं. घरी येऊन बापाले सांगतलं, "बाबा, हिरोच्या बापाचं काम तुमी करा. पहिल्याच सीनमधे लखनकाका तुमाले मारते."

मीबी तवा तिथंच होतो. नानाजी चहा पिऊन राह्यला होता. कप तसाच हातात.

"त्याच्या हातानं मी मरत नाही," तो म्हणे.

"खोटं खोटं मरायचं हाये बाबा."

"खोटं खोटंबी नाही. गाव तर खरंच पाहीन ना."

बाई आतून बाहेर आली. "आन् मी काय करू? पांढरं नेसून रडू त्या लख्याच्या नावानं? तुह्या सिनेमाले आग लावीन मी."

ऋषिकेशनं दोघांले समजावलं. बाप मेल्याशिवाय सिनेमा सुरूच होत नाही, बदला कायचा घ्यायचा मग? नानाजी मान हालवत राह्यला. शेवटी पोट्टा वैतागून म्हणे, "लय भारी सीन लिवला होता मी. पोळा हाये, तोरणाखाली तुमची जोडी उभी हाये, समोरून लखनकाका आपली जोडी घेऊन येते, झडती मारते आन् चाकू काढते."

नानाजीनं कप खाली ठेवला. "लखन येईन? जोडी घेऊन? तोरणाखाली?"

"हो. तसंच लिवलं हाये."

"मरतो," नानाजी म्हणे.

पोट्ट्याले वाटलं, आपण बापाले पटवलं. मी आन् बाईनं एकमेकाकडे पाह्यलं.

लखन सफारीचं माप द्यायले माह्या दुकानात आला. मी त्याचा सफारी शिवावा, हेबी माह्या कपाळी होतं. बाजूले ऋषिकेश कागद घेऊन उभा. लखन म्हणे, "नवी झडती कायले लिवतो पोट्ट्या? माही जुनीच हाये ना. अजून गावाले पाठ हाये. तीच मारतो." आन् तिथंच त्यानं ती म्हणून दाखवली, खणखणीत. मी तवा त्याच्या गळ्याचं माप घेऊन राह्यलो होतो. टेप जरा जास्तच आवळला. तो खोकला.

"चालते काका," ऋषिकेश म्हणे. "एकदम ओरिजनल वाटीन."

लखन गेल्यावर मी पोट्ट्याची कॉलर धरली. "ती झडती कोणावर मारली होती, माहीत हाये ना तुले?"

"माहीत हाये मामा. म्हणून तर सीनले जोर येईन."

मले त्याच्या थोबाडीत हाणावीशी वाटली. पण बहिणीचा एकुलता एक, आन् त्याच्या बापानंच मले घरून निघतानी सांगतलं होतं की मधात पडू नको साळेबुवा.

शूटिंगच्या दिवशी मारुतीसमोर तोरण बांधलं. आंब्याची पानं, मधात नारळ, सारं पोळ्यासारखं. अर्धं गाव तमाशा पाह्यले आलं. ऋषिकेश ओरडून ओरडून लोकांले मोबाईल खिशात ठेवायले लावून राह्यला होता, कारण पंच्याऐंशी साल होतं. नानाजी धोतर नेसून, आपली जोडी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन उभा. त्याच्या ओठांकडे मी पाहून राह्यलो होतो. ते हालत होते. पंधरा वर्षांची झडती तो मनातल्या मनात घोकत होता.

मग लखन आला. माह्याच हातचा सफारी घालून, मिशा काळ्या करून. हातात जोडी. आता लखनकडे बैल कुठले? त्याचा पोरगा धीरज, त्याची सासुरवाडी अनसिंगची. लखननं व्याह्याची जोडी पिकअपमधे घालून आणवली होती. बैल त्याले ओळखेनात. हा इकडे ओढे, ते तिकडे ओढत. त्यांच्या झुलीवर मोठ्या अक्षरात व्याह्याचं नाव विणलेलं होतं, अनसिंगसकट. लखनच्या ते ध्यानातच आलं नाही. त्याले कॅमेरा दिसून राह्यला होता.

ऋषिकेशनं हात खाली केला. लखननं छाती काढून झडती मारली. तीच. एक बैल घरचा, एक सासऱ्याचा. गाव हासलं, तसंच हासलं, जसं काही मधात एक दिवसबी गेला नाही.

कागदावर यानंतर चाकू होता. लखननं खिशात हात घातला. नानाजी म्हणे, "थांब. तोरण अजून तुटलं नाही."

त्यानं तोंड उघडलं. आन् आवाज येईना. मले वाटलं, गेलं, परत तेच झालं, या माणसाचं नशीबच खोटं. नानाजी समोर त्या झुलीकडे पाहून राह्यला होता. वाचून राह्यला होता. आन् मग मले कळलं की तो अडकला नाही, तो वर्षानुवर्षं जुळवलेलं सारं फेकून देऊन नवीन जुळवून राह्यला होता. मान वर करून त्यानं असा आवाज काढला, जो मी बाईच्या लग्नापासून कधी ऐकला नव्हता:

एक बैल सासऱ्याचा, कबूल हाये मले,
दोन्ही बैल व्याह्याचे, कोणं देले तुले?
ट्रॅक्टरवाला शेठ आमचा तोरणाखाली आला,
सुनेच्या बापाच्या दाव्याले सोताच बांधला गेला.

मग सगळ्यांनी झुली वाचल्या. मग जे हासले! म्हाताऱ्या बाया पदर तोंडात घालून खाली बसल्या. महादेवाच्या नावाचा पुकारा मारुतीच्या देवळावर जाऊन आदळला. मीबी ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो, कायले लपवू. लखनचं तोंड उघडं होतं. तो काहीतरी शोधून राह्यला होता, आत. नानाजीनं त्याले शोधायले वेळ देला. आरामात देला. मग हात वर करून सोताच तोरण तोडलं.

लखननं बैल तिथंच सोडले, जीपीत बसला आन् निघून गेला. चाकू काढायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी धीरज सफारीची घडी आन् बापाचा निरोप घेऊन आला. झडती काढून टाक, नाहीतर जीपबी नाही आन् लखनबी नाही. अर्धा सिनेमा बाकी होता. ऋषिकेश डोकं धरून ओसरीवर बसला. नानाजी म्हणे, "तुहा सिनेमा हाये. तुले वाटीन ते कर," आन् गोठ्यात गेला. मी नाही गेलो. मी तिथंच बसलो आन् पोट्ट्याले धुतला. "सिनेमातले पोट्टे बापासाठी माणसं मारतेत. तुले एक खटारा जीप सोडवत नाही? बापानं बोटाले धरून दाखवले ना ते सारे सिनेमे? त्यात एकतरी पोरगा असा दिसला का, बापाची झडती कापून दुश्मनाच्या जीपीत बसणारा?"

"जीपीशिवाय पिरेड कसा वाटीन मामा?"

"बापाशिवाय कसा वाटीन, ते सांग मले."

पोट्टा सकाळी उठून गोठ्यात गेला आन् बापाले म्हणे, "बाबा, बंडी जुंपून देता का?"

तर आमच्या सिनेमातला गँगस्टर बैलबंडीतून बदला घ्यायले जाते. बेलबॉटम, मोठी कॉलर, डोळ्यावर काळा चष्मा, आन् हातात कासरा. कोणाले हासायचं ते हासो. लखनच्या जागी मले उभं केलं, पाठमोरं, त्याचाच सफारी घालून. शिवतानीच मी उरलेला कपडा आत दाबून ठेवला होता, उसवून पोटावर सैल केला. चाकूबी मीच मारला. साळ्याच्या हातानं मरायले नानाजीची काही हरकत नव्हती. शेवटी ऋषिकेशनं मले मारलं, आन् खरं सांगतो, मी कॉलर धरल्याचा राग त्यानं त्यात काढून घेतला.

सिनेमा गावाले दाखवायचा ठरला तवा मी दुकानातले पांढरे कपडे जोडून पडदा शिवला. मारुतीसमोरच बांधला. दिवेलागणीले गाव जमलं. लखनबी आला. येणारच. आपलं तोंड एवढं मोठं पाह्याचा मोह कोणाले सुटते? त्याले वाटलं, जीप नेल्यावर पोट्ट्यानं भेऊन झडती काढली अशीन. पुढच्या खुर्चीवर बसला, बाजूले धीरज आन् त्याची बायको निकिता.

नानाजी एका बाजूले, खांबाले टेकून बसला होता. मले नवल वाटलं, कारण तिथून पडदा नीट दिसत नव्हता. "भाऊजी, इकडे या ना," मी म्हनलं. "तिथून काय दिसते?"

"दिसते," तो म्हणे.

झडती आली. पडद्यावरचं गाव हासलं आन् पडद्यासमोरचं गाव त्याच्यावर हासलं. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, परत लाव म्हणून ओरडले. ऋषिकेशनं परत लावली. लखन ताठ बसून राह्यला, आपणबी मजा घेऊन राह्यलो असं दाखवत. मग धीरज फुटला. आधी त्यानं दाबून पाह्यलं, मग मांडीवर थाप मारून हासायले लागला. "माह्याच सासऱ्याचे बैल," तो बायकोले दाखवून म्हणे, आन् पुन्हा हासला, डोळ्यात पाणी येईपर्यंत. लखननं मान वळवली. पोराकडे पाह्यलं. धीरजले ते दिसलंच नाही. लखननं हळूच मान खाली घातली आन् मग ती वर आलीच नाही.

नानाजी उठला. त्यानं पडद्याकडे एकदाबी पाह्यलं नव्हतं. मी त्याच्या मागं गेलो. वायरीचा काही घोळ होता म्हणून ऋषिकेशबी तिथंच देवळाच्या बाजूले उभा होता.

"भाऊजी, कुठं चालले?" मी म्हनलं. "आता तर मजा हाये. सारं गाव हासून राह्यलं त्याच्यावर."

"गावाचं मले काय करायचं?" नानाजी म्हणे. "गाव माह्यावरबी हासलं होतं. त्याचं मले काही वाटलं नाही. जबाब माह्या तोंडात आला होता त्या दिवशी. मी खाली पाह्यलं, आन् हा कासरा धरून हासून राह्यला होता." त्यानं ऋषिकेशकडे बोट केलं. "लखनचा पोट्टा आज हासला. फिटलं."

ऋषिकेशच्या हातात वायर तशीच राह्यली. "मले आठवत नाही बाबा," तो म्हणे.

"तू लहान होता. मले आठवते."

आन् तो बैलांले पाणी दाखवायले घराकडे निघून गेला.